मौक्तिकांचे पाणबुडे व समुद्र बांधणारे

मौक्तिकांविषयीं आपल्या ग्रंथकारांनीं जितकें लिहिलें आहे तितकें तीं काढणाऱ्या मनुष्यांविषयीं लिहिलेलें नाहीं. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत हत्ती, सर्प, शिंपला, शंख, मेघ, वेळू, तिमिमत्स्य व वराह अशीं मौक्तिकाचीं आठ उत्पत्तिस्थानें सांगून सिंहल, ताम्रपर्णी इत्यादि आकरांचे गुणभेद दिले आहेत. मेघांतही मौक्तिक पाहणाऱ्या ह्या पंडितास शिंपल्यासाठीं बुडी मारणारा मात्र दिसला नाहीं! कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत तो आहे, परंतु नावध्यक्षाच्या प्रकरणांत: शंख व मुक्ता काढणाऱ्यांनीं नावेचें भाडें द्यावें किंवा स्वतःच्या नावांतून जावें, एवढेंच.

‘पेरिप्लस’ ह्या इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ग्रीक वृत्तांतानें थोडें अधिक सांगितलें आहे. पांड्यराज्यांतील कोल्खी, म्हणजे ताम्रपर्णीच्या मुखाजवळील कोरकै, येथें हें काम शिक्षा झालेल्या अपराध्यांकडून करवीत, असें त्यांत नमूद आहे.

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोनें ह्याच समुद्राविषयीं लिहिलेला मजकूर सर्वांत महत्त्वाचा होय. व्यापारी मिळकतीचा दहावा भाग राजास व विसावा भाग मोठ्या मत्स्यांस मंत्रानें बांधणाऱ्या ब्राह्मणांस देत. हा मंत्र दिवसापुरताच असे. रात्रीं तो सोडून देत, म्हणजे मत्स्य मोकळे होत व चोरून बुडी मारण्यास कोणी धजत नसे. माझ्या मतें येथें रक्षण व पहारा हीं दोन्ही एकाच मंत्राचीं कामें होतीं, आणि रात्रीचा लाभ पाणबुड्याचा नसून मालकाचा होता.

ही वृत्ति फार काळ टिकली. 1859 सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या सिंहलद्वीपविषयक ग्रंथांत टेनंट ह्यानें तिचें तमिळ नांव ‘कडल-कट्टी’, म्हणजे समुद्र बांधणारा, असें दिलें आहे. अधिकार वंशपरंपरागत असून त्या वेळचा कुलप्रमुख रोमन कॅथलिक होता. तरी पाणबुड्यांचा विश्वास ढळला नव्हता. मंत्र कोणत्या धर्माचा, हा प्रश्न पाण्यांत उतरणारास पडत नसावा.

परंतु देहास होणारी नित्याची पीडा मत्स्यांपासून नव्हती. पायास दगड लावून, कमरेस जाळी बांधून मनुष्य पांच ते दहा वाव खोल जाई आणि सुमारें एक मिनिट श्वास कोंडून शिंपले गोळा करी. पांच-साडेपांच वावांवरच पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तो प्रथम कानाच्या पडद्यास बाधतो. वर येतांना पाणबुड्यांच्या मुखांतून, नाकांतून व कानांतून पाणी आणि पुष्कळदां रक्तही येई, असें पर्सिव्हल ह्यानें 1803 च्या ग्रंथांत लिहिलें आहे. आणि तशा स्थितींतही ते पुनः उतरत. ह्या पीडेसाठीं विसाव्या भागासारखी तरतूद वरील लेखांपैकीं एकांतही नाहीं.

रत्नपरीक्षेच्या पोथ्या अनेकांच्या संग्रहीं आहेत. त्यांच्या समासांत किंवा जवाहिऱ्यांच्या जुन्या वह्यांत बुडी मारणाऱ्यांचा वांटा, वेतन वा इजा ह्यांविषयीं एखादी ओळ आढळल्यास ती नकलून मंडळाकडे पाठवावी, ही विनंति.