कंपन्यांचे विधी अधिकारी : जबाबदारी मोठी, संरक्षण मर्यादित

मोठ्या कंपन्यांच्या विधी विभागात काम करणारे अधिकारी कायद्याचे पदवीधर असतात. ते करार तपासतात, दाव्यांची तयारी करतात आणि संचालक मंडळाला कायदेशीर सल्ला देतात. मात्र भारतीय कायद्यानुसार पूर्णवेळ पगारी नोकरीत असेपर्यंत त्यांना वकिली करता येत नाही. वकील आणि अशील यांच्यातील संवादाला कायद्याने जी गोपनीयता दिली आहे, तीही त्यांना पूर्णपणे लाभत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिलेल्या निर्णयाने ही बाब स्पष्ट झाली आहे. दुसरीकडे, गेल्या काही वर्षांतील कायद्यांनी कंपन्यांवरील अनुपालनाचा भार वाढवला असून, त्याचा मोठा वाटा या अधिकाऱ्यांनाच उचलावा लागतो.

विधी विभागाचे काम

न्यायालयातील दावे हा विधी विभागाच्या कामाचा सर्वांत ठळक भाग असला, तरी सर्वांत मोठा भाग नव्हे. वाद उद्भवण्यापूर्वीच तो टाळणे, हे या विभागाचे मुख्य काम होय. करारावर सही होण्याआधी नुकसानभरपाईची मर्यादा किती, वाद लवादाकडे जाणार की न्यायालयाकडे, मुदतीपूर्वी करार संपवता येईल का, हे मुद्दे तपासले जातात. सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घेतलेल्या मालाचे पैसे २००६ च्या कायद्यानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. खरेदी विभागाच्या करारांत हे बसते की नाही, हेही विधी विभागाला पाहावे लागते.

दुसरे काम परवाने आणि मुदतींचे. अनेक राज्यांत कारखाने असलेल्या कंपनीला प्रत्येक ठिकाणी कारखाना परवाना, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र, बॉयलरचे प्रमाणपत्र, अग्निशमन विभागाचा दाखला अशा बाबींचे वेळेवर नूतनीकरण करावे लागते. यासाठी विधी विभाग मुदतींचे वेळापत्रक ठेवतो आणि प्रत्येक बाबीसाठी जबाबदार व्यक्ती ठरवून देतो.

तिसरे काम हिशेबांशी निगडित आहे. कंपनीविरुद्धचा दावा हरण्याची शक्यता किती, याचा अंदाज विधी विभाग देतो. त्यावरून त्या रकमेची ताळेबंदात तरतूद करायची, की केवळ संभाव्य देयता म्हणून टिपणीत उल्लेख करायचा, हे ठरते. हा अंदाज चुकल्यास भागधारकांसमोर जाणारे आर्थिक चित्रच बदलते.

कायद्याने वाढवलेली जबाबदारी

सत्यम कॉम्प्युटर्स या कंपनीच्या हिशेबांतील गैरव्यवहार ७ जानेवारी २००९ रोजी उघडकीस आला. त्यानंतर कंपन्यांच्या कारभारावरील देखरेख कडक करण्याची मागणी वाढली आणि पुढे कंपनी कायदा, २०१३ अस्तित्वात आला. या कायद्याच्या कलम १३४ नुसार, लागू असलेल्या सर्व कायद्यांच्या पालनासाठी योग्य यंत्रणा उभारली असून ती परिणामकारकपणे चालू आहे, असे संचालकांना वार्षिक अहवालातील निवेदनात नमूद करावे लागते. संचालक मंडळाच्या अहवालात जोखीम व्यवस्थापन धोरणाची माहितीही द्यावी लागते. कलम १७७ ने सूचिबद्ध आणि काही अन्य कंपन्यांना, गैरप्रकारांची तक्रार करणाऱ्यांसाठी यंत्रणा ठेवणे बंधनकारक केले.

भांडवल बाजार नियामक सेबीच्या २०१५ च्या नियमावलीनुसार, बाजारमूल्याच्या क्रमाने पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना संचालक मंडळाची जोखीम व्यवस्थापन समिती नेमावी लागते.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये झालेली दुरुस्ती विशेष महत्त्वाची आहे. कंपनीशी संबंधित व्यक्तीने कंपनीच्या लाभासाठी लोकसेवकाला लाच दिल्यास, आता कंपनीही दोषी ठरू शकते. असे प्रकार रोखण्यासाठी पुरेशी कार्यपद्धती अमलात होती, हे सिद्ध करणे हा कंपनीचा बचाव असतो. कंपनीवर गुन्हा सिद्ध झाला आणि त्यात एखाद्या संचालकाची वा अधिकाऱ्याची संमती किंवा संगनमत आढळले, तर त्या व्यक्तीला तीन ते सात वर्षांचा कारावास होऊ शकतो.

आर्थिक दंडही लहान नाहीत. स्पर्धा कायद्याच्या भंगाबद्दल मागील तीन आर्थिक वर्षांतील सरासरी उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड आकारता येतो. व्यक्तिगत डिजिटल माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यातील बंधने टप्प्याटप्प्याने अमलात येणार आहेत.

सनद आणि नोकरी

भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियम ४९ नुसार, वकिली करणाऱ्याला कोणत्याही व्यक्तीची, सरकारची वा कंपनीची पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. नोकरी स्वीकारल्यास ती बाब विधिज्ञ परिषदेला कळवावी लागते आणि नोकरी असेपर्यंत वकिली थांबवावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये हिमाचल प्रदेशातील वीज मंडळाच्या एका विधी अधिकाऱ्याच्या प्रकरणात हीच भूमिका कायम ठेवली होती. त्यामुळे न्यायालयात कंपनीची बाजू मांडण्यासाठी बाहेरच्या वकिलाच्या नावे वकीलपत्र द्यावे लागते.

गोपनीयतेबाबत मात्र दीर्घकाळ वेगळे चित्र होते. मुंबई महापालिका विरुद्ध विजय मेटल वर्क्स या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने, पगारी विधी सल्लागाराशी झालेल्या संवादालाही वकिलाशी झालेल्या संवादासारखेच संरक्षण मिळते, असे मत नोंदवले होते. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निकालाचा आधार अनेक कंपन्या घेत असत.

सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय

आपल्या अशिलांना दिलेल्या सल्ल्यासंदर्भात तपास यंत्रणा वकिलांनाच समन्स पाठवू लागल्याने, सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. त्या सुनावणीत विधी अधिकाऱ्यांचा प्रश्नही पुढे आला. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ मधील संरक्षण न्यायालयात वकिली करणाऱ्यांसाठी आहे. कंपनीचे पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या विधी अधिकाऱ्यांना ते लागू होत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. असे अधिकारी मालकाच्या व्यावसायिक धोरणांच्या प्रभावाखाली असतात आणि मालकाचे हित जपण्यास बांधील असतात, हा त्यामागील मुख्य विचार होता.

कलम १३४ खाली मात्र त्यांना मर्यादित संरक्षण मिळते. विधी अधिकाऱ्याने कंपनीच्या बाहेरील विधी सल्लागाराशी केलेला गोपनीय संवाद संरक्षित राहील. पण कंपनी आणि तिचे विधी अधिकारी यांच्यातील संवादासाठी हे संरक्षण मागता येणार नाही.

व्यवहारातील परिणाम

समजा, एखाद्या कारखान्याच्या संमतीपत्राची मुदत संपली आहे आणि विधी अधिकाऱ्याने कारखाना प्रमुखाला, उत्पादन चालू ठेवणे बेकायदा ठरेल, असे ईमेलने कळवले आहे. पुढे चौकशी झाल्यास हा ईमेल मागवला जाऊ शकतो आणि कंपनीला धोक्याची जाणीव होती, याचा तो पुरावा ठरू शकतो. अशा भीतीने लेखी सूचना देणेच टाळण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे.

पण तसे करणे कंपनीच्या हिताचे नाही. पुरेशी कार्यपद्धती होती, हा बचाव घ्यायचा तर तिची लेखी नोंद लागते. संचालकांचे अनुपालनविषयक निवेदनही खालून आलेल्या लेखी अहवालांवरच उभे असते. अनुपालनाचा कायदा लिहून ठेवायला सांगतो, तर पुराव्याचा कायदा त्या लिखाणाला आडोसा देत नाही. विधी अधिकाऱ्यांना या दोहोंमधून वाट काढावी लागते. म्हणून सूचना लेखी द्यावी, ती वस्तुस्थितीपुरती आणि नेमकी असावी, तीत सुधारणेचा उपाय व मुदत नमूद असावी आणि गंभीर प्रकरणात बाहेरील वकिलाचा सल्ला आरंभीच घ्यावा, हा मार्ग सुरक्षित ठरतो. अर्थात, बेकायदा हेतू साधण्यासाठी झालेल्या संवादाला बाहेरच्या वकिलाच्या बाबतीतही संरक्षण नाही.

अन्य देशांतील स्थिती

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मधील अपजॉन प्रकरणात, कंपनीच्या विधी प्रमुखांनी अंतर्गत चौकशीत कर्मचाऱ्यांशी केलेल्या संवादाला गोपनीयतेचे संरक्षण दिले. याउलट, युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१० मधील अॅक्झो नोबेल प्रकरणात, युरोपीय आयोगाच्या स्पर्धाविषयक चौकशीपुरते हे संरक्षण नाकारले. नोकरीत असलेला वकील मालकापासून पुरेसा स्वतंत्र नसतो, हा तेथील युक्तिवाद भारतातील निर्णयाशी मिळताजुळता आहे.

संघटनेतील स्थान

कंपनी कायद्याच्या कलम २०३ मध्ये व्यवस्थापकीय संचालक वा मुख्य कार्यकारी अधिकारी, कंपनी सचिव आणि मुख्य वित्त अधिकारी या पदांचा उल्लेख आहे. विधी प्रमुखाचा नाही. सेबीच्या नियमावलीनुसार अनुपालन अधिकारी म्हणूनही कंपनी सचिवाचीच नेमणूक होते. विधी प्रमुखांचे अधिकार त्यामुळे कंपनीच्या अंतर्गत रचनेवर अवलंबून राहतात. ज्यांच्या व्यवहाराला हरकत घ्यायची, त्यांच्याच हाती विधी प्रमुखांची बढती आणि वेतनवाढ असेल, तर हरकत घेणे कठीण होते. लेखापरीक्षण समितीकडे वा जोखीम व्यवस्थापन समितीकडे थेट अहवाल देण्याची मुभा आणि विधी प्रमुखांना पदावरून दूर करण्यापूर्वी संचालक मंडळाची संमती, या दोन तरतुदी कंपन्या स्वतःहून करू शकतात. नकार देणाऱ्या विधी अधिकाऱ्याला कायद्याचे कवच अपुरे असताना, संचालक मंडळाने दिलेला हा आधारच त्याच्या सल्ल्याला वजन देऊ शकतो.