कॅश, करंडा आणि कालवा

मँचेस्टरच्या कॅसलफील्डमध्ये ब्रिजवॉटर आणि रॉचडेल हे दोन कालवे एकमेकांना मिळतात. विज्ञान आणि उद्योग संग्रहालय तिथून हाकेच्या अंतरावर आहे. वर लोखंडी पूल, खाली काठाकाठाने पायवाट. चुंबक लावलेली डबी चिकटवायला जिओकॅशिंगवाल्यांना, म्हणजे अक्षांश-रेखांशांवरून दडवलेल्या डब्या शोधण्याचा खेळ खेळणाऱ्यांना, याहून सोयीची जागा कोणती मिळणार? मला मात्र त्या डबीच्या ‘कॅश’ या नावाचा माग काढायचा आहे.

मराठीत लिहिताना दडवलेली ‘कॅश’ आणि रोकड ‘कॅश’ एकच दिसतात, पण कुळे वेगळी आहेत. रोकडीची कॅश लॅटिन ‘काप्सा’ म्हणजे पेटी, तिच्यापासून इटालियन ‘कासा’ आणि फ्रेंच ‘केस’ यांच्यामार्गे आली. आधी पेटी, मग पेटीतले पैसे. आपला ‘गल्ला’ उलट चाललेला दिसतो: अरबी ‘घल्ला’ म्हणजे धान्य, उत्पन्न, त्यावरून दुकानाची मिळकत, आणि पुढे ती ठेवायची पेटी.

दडवलेली कॅश फ्रेंच ‘काशे’, म्हणजे लपवणे, या क्रियापदातली. त्यामागे लॅटिन ‘कोआक्तारे’, म्हणजे दाबणे, आवळणे, असावे असे मानतात. त्याच्याही तळाशी ‘आगेरे’ हा धातू आहे, म्हणजे हाकणे. संस्कृतातला ‘अज्’, ‘अजति’ त्याचाच सख्खा भाऊ. हाकण्यापासून दाबण्यापर्यंत आणि दाबण्यापासून लपवण्यापर्यंतचा हा प्रवास आपल्याला परका वाटायला नको. आपणही पैसे ‘दाबतो’, प्रकरण ‘दडपतो’. ‘दडणे’ आणि ‘दडपणे’ हीसुद्धा एकाच घरची असावीत.

खेळाला हे नाव मिळाले तेही सरळ वाटेने नव्हे. 2 मे 2000 रोजी अमेरिकेने जीपीएस उपग्रहांच्या नागरी संकेतांत मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ओरेगॉनमध्ये एक बादली दडवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तेव्हा शब्द होता ‘स्टॅश’. त्याला अमली पदार्थांचा वास येई, म्हणून महिनाअखेरीस ‘कॅश’ पुढे आला. तो उत्तर अमेरिकेतल्या फ्रेंच फासेपारध्यांच्या वापरातला होता. परतीच्या वाटेवर लागणारा शिधा ते असा पुरून ठेवत. संगणकातली कॅशही हीच. 1968 च्या सुमारास आयबीएमच्या मॉडेल 85 च्या निमित्ताने ती रूढ झाली. कॅसलफील्डजवळच्या त्या संग्रहालयात 1948 च्या ‘बेबी’ संगणकाची प्रतिकृती आहे, म्हणजे दडवलेली डबी आणि संगणकाची स्मृती या कालव्याकाठी शेजारी येतात.

आता कालवा. इंग्रजी ‘कनाल’च्या मुळाशी ग्रीक ‘कान्ना’, म्हणजे बोरू, वेत. अक्कादी ‘कनू’ आणि अरबी ‘कनात’ त्याच गोतावळ्यातले. डबीसाठीचा ‘कॅनिस्टर’ही तिथलाच, मुळात वेताची टोपली. म्हणजे कालव्याकाठी दडवलेली फिल्मची डबी आणि कालवा ही एकाच बोरूची लेकरे! संस्कृतानेही स्वतंत्रपणे हीच वाट धरलेली दिसते: ‘नड’, ‘नल’ म्हणजे बोरू, आणि त्यावरून आपला नळ, नळी. ‘कालवा’ मात्र दक्षिणेकडून आला असावा. कानडीत ‘कालुवे’, तेलुगूत ‘कालुव’, तमिळमध्ये ‘काल्वाय्’. तमिळ ‘काल्’ म्हणजे पाय, आणि पाण्याचा पाटही; ‘वाय्’ म्हणजे तोंड. ‘कालवणे’शी त्याचा संबंध जोडण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा.

या कॅशला मराठीत काय म्हणावे? ‘खजिना’ फार भारी. ‘गुप्तधना’त लोभ आहे, आणि इथे तर डबीतली वस्तू घेणाऱ्याने तितक्याच मोलाची दुसरी ठेवायची असते. मला याज्ञवल्क्यस्मृतीतला ‘औपनिधिक’ खुणावतो: आत काय आहे ते न सांगता, ‘वासना’त बंद करून दुसऱ्याच्या हाती दिलेली ठेव. हे ‘वासन’ म्हणजे इच्छा नव्हे, आच्छादन. मिताक्षरेत विज्ञानेश्वर त्याचा अर्थ करंड वगैरे असा देतात. तोच आपला कुंकवाचा करंडा. हिंदीत ‘बासन’ म्हणजे भांडे. मराठीत पोथी गुंडाळायचे फडके. फडक्याचा ‘बासन’ ‘वसन’ म्हणजे वस्त्र यावरून आला असावा असेही म्हणता येईल, पण ‘वस्’, म्हणजे झाकणे, नेसणे, हा धातू दोन्हीकडे एकच दिसतो.