पिझ्झ्याच्या भट्टीची वंशावळ

परमुलखात गेल्यावर तेथील चांगले पिझ्झागृह हुडकून काढावयाचे असेल, तर पदार्थांच्या यादीआधी भट्टी पाहावी आणि तिच्यात काय जळते याची चौकशी करावी, असे माझे मत आहे. कारण या पदार्थाचा इतिहास जितका पिठाचा आणि टोमॅटोचा आहे तितकाच, किंबहुना अधिक, सरपणाचा, कोंदट खोल्यांचा आणि उधारीचा आहे. आज तो जगभर मिळत असल्यामुळे साऱ्या इटलीचा तो पुरातन राष्ट्रीय पदार्थ असावा, असा समज रूढ झाला आहे. वस्तुस्थिती अशी की, ज्या रूपात आपण तो ओळखतो त्या रूपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत तो नेपल्स या एका शहराचा, आणि त्या शहरातही मुख्यत्वे हातावर पोट असलेल्यांचा घास होता.

नेपल्स हे बूर्बन राजांचे तख्ताचे शहर. तेथे वस्ती दाटत गेली, आणि रस्त्याच्या पातळीवरील ज्या एकखणी, उजेडाला पारख्या खोल्यांना तेथे ‘बास्सो’ म्हणतात, त्यांत अख्खी कुटुंबे राहू लागली. अशा ठिकाणी धड चूल मांडायला जागा नाही, मग भट्टी कोठून असणार? ती दुकानदाराकडे असे, आणि भाजलेला माल दुकानातला पोऱ्या डोक्यावरच्या तांब्याच्या डब्यात घालून, धुराड्यासारख्या टोकाचे झाकण मिरवीत, ओरडत गल्लोगल्ली विकी. एका नाण्याला एक तुकडा. जसे नाणे तसा तुकडा.

फ्रेंच कादंबरीकार अलेक्झांडर द्यूमा याने 1843 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नेपल्सच्या प्रवासवर्णनात पिझ्झ्याला बाजारभावाचा मापक ठरविले आहे: मासळी, तेल, चरबी, चीज यांचे भाव कसे चढले-उतरले, हे पिझ्झ्याच्या किमतीवरून कळते, असे त्याचे निरीक्षण. निरीक्षण मार्मिक खरेच. परंतु आठ दिवसांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका प्रकाराबद्दल मात्र या चतुर गृहस्थाने आठ दिवसांचा शिळा पिझ्झा अशी समजूत करून घेतली. तो व्यवहार होता आज खाण्याचा आणि आठवड्याने पैसे चुकते करण्याचा. हीच रीत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या हलाखीत तळलेल्या पिझ्झ्याच्या धंद्यात पुन्हा दिसते, आणि 1954च्या ‘लोरो दि नापोली’ या विट्टोरिओ दे सिकाच्या चित्रपटात सोफिया लोरेनने रंगविलेली पिझ्झेवाली उधारीवरच गिऱ्हाइके करताना आढळते.

नेपल्सबाहेर या पदार्थाला मान नव्हता. तारयंत्राचा कर्ता सॅम्युएल मोर्स 1831 साली तेथे गेला असता त्याने पिझ्झ्याची तुलना गटारातून उपसलेल्या पावाशी केली. त्याहूनही बोलका दाखला मातिल्दे सेराओ या नेपल्सच्या लेखिकेच्या 1884च्या पुस्तकात सापडतो: एका उद्योगी माणसाने रोममध्ये पिझ्झ्याचे दुकान थाटले, तेथील नेपल्सवासीयांनी आरंभी गर्दी केली, मग नवलाई ओसरली आणि धनी बुडाला. दोनशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर, पण पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीसारखी या पदार्थाची गत झाली.

आता राणी मार्गेरिताची कथा. 1889च्या जून महिन्यात उंबेर्तो राजा आणि मार्गेरिता राणी नेपल्समध्ये असताना राफाएले एस्पोझितो याने राणीसाठी पिझ्झे करून पाठविले, त्यांपैकी टोमॅटो, मोझरेला आणि तुळशीच्या जातीची बेझिल ही पाने घातलेला तिला रुचला, आणि राजगृहाच्या मुदपाकखान्याचा अधिकारी कामिल्लो गाल्ली याने तसे आभारपत्र धाडले, असे सांगतात. हे पत्र आजही ब्रांदी नावाच्या पिझ्झागृहात दाखविले जाते. अस्सल आणि बनावट कागद पारखण्याची सवय आपल्याकडच्या इतिहाससंशोधकांना पिढ्यान् पिढ्या लागलेली असल्याने, 2014 साली एका अभ्यासकाने या पत्रावर घेतलेले आक्षेप मराठी वाचकास परके वाटणार नाहीत: शिक्का तत्कालीन राजशिक्क्याशी जुळत नाही, अक्षर गाल्लीच्या अन्य लेखनाशी मिळत नाही, आणि दरबारी दप्तरात त्याची नोंद नाही. शिवाय मोझरेला आणि बेझिल यांनी सजविलेल्या पिझ्झ्याचे वर्णन एमानुएले रोक्को याने त्याआधीच, दे बूरकार याच्या नेपल्सच्या चालीरीतींवरील संग्रहात, करून ठेवले आहे. नाव राणीचे असेल. पदार्थ तिच्या आधीचा. मला तर या कथेपेक्षा तो तांब्याचा डबा अधिक इतिहास सांगतो असे वाटते.

पुढे दक्षिण इटलीतून लक्षावधी लोक अमेरिकेस निघाले, आणि नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीला तेथे दुसरे सरपण मिळाले. कनेक्टिकटमधील न्यू हेवन हे येल विद्यापीठामुळे विद्वानांस परिचित. पण त्या काळी ते कुलपे, लोखंडी सामान आणि बंदुका यांच्या कारखान्यांचे गाव होते, आणि अमाल्फीच्या किनाऱ्यावरून आलेले मजूर वूस्टर चौकाभोवती दाटीने राहत. मायोरी गावचा फ्रँक पेपे 1909 साली तेथे आला, आणि बऱ्याच खटाटोपानंतर 1925 साली वूस्टर स्ट्रीटवर त्याने पिझ्झ्याचे दुकान काढले. त्याचा भाचा साल्वातोरे कोन्सिल्यो याने 1938 साली त्याच रस्त्यावर ‘सॅलीज’ थाटले.

या दुकानांच्या भट्ट्या दगडी कोळशाच्या. नेपल्सच्या घुमटाकार भट्टीत 485 अंश सेल्सियसच्या आसपास दीड मिनिटाच्या आत पिझ्झा होतो आणि मऊ, घडी पडणारा निघतो. कोळशाच्या कोरड्या आचेत तो अधिक वेळ राहून कडेने काळवंडतो, तळाला कुरकुरीत आणि मध्ये चिवट होतो. वेडावाकडा, लांबट, कागद घातलेल्या तबकातून समोर येणारा हा पिझ्झा पाहून नवखा माणूस हमखास विचारतो की, हा करपला काय? साध्या पिझ्झ्यावर तेथे मोझरेला नसतेच, ती वेगळी मागावी लागते. हवे तर तिसऱ्या, लसूण, ऑलिव्ह तेल आणि किसलेले चीज घातलेला, टोमॅटोविरहित पांढरा पिझ्झा मागावा, जो कोकणच्या माणसाला बिनतक्रार मानवेल.

शिकागोचा 1943पासूनचा जाड, खोलगट प्रकार मला जड वाटतो, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही. डेट्रॉइटचा चौकोनी पिझ्झा मात्र 1946 सालापासून ज्या निळसर पोलादी तबकांत भाजला जातो, ती मोटारकारखान्यांत सुटे भाग ठेवण्यासाठी होती, असे सांगतात, आणि त्या नगरीला ते शोभते.

खुद्द नेपल्समध्ये 1984 साली कारागिरांनी संघ स्थापून अस्सल पिझ्झ्याचे नियम लेखनिविष्ट केले, लाकडाचा जाळ त्यांत आवश्यक धरला, आणि 2017 साली युनेस्कोने तेथील पिझ्झाकारांच्या कलेस मानवाच्या अमूर्त वारशात स्थान दिले. या नियमांनी मोजल्यास वूस्टर स्ट्रीटचा पिझ्झा पहिल्याच कलमात बाद होईल. तेथील दारापुढची रांग त्यामुळे आखूड झालेली नाही. पेपेच्या वारसांनी 2006 साली फेअरफील्ड येथे पहिली शाखा काढली, तेव्हा जुन्या भट्टीची प्रतिकृती विटेला वीट जुळवून बांधून घेतली. तिच्यातला पिझ्झा मूळ दुकानाच्या तोडीचा उतरतो की नाही, याबद्दल जुन्या गिऱ्हाइकांचा तंटा अद्याप चालूच आहे.