सहा सेनची सुशी

शिगा नाओया यांची ‘कोझो नो कामिसामा’ ही कथा १९२० साली ‘शिराकाबा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तोक्योच्या कांदा भागातील तराजूच्या दुकानात राबणारा एक पोऱ्या सुशीच्या गाडीपुढे येतो, ट्यूनाचा घास उचलतो, किंमत सहा सेन असल्याचे ऐकतो आणि तो मुकाट्याने परत ठेवून निघून जातो. त्याच्यापाशी चारच सेन असतात. हा प्रसंग केवळ करुणेच्या अंगाने वाचला, तर त्यामागचा सामाजिक इतिहास निसटतो, असे आम्हांस वाटते.

सुशीचे मूळ टिकवणुकीत आहे. खारवलेला मासा भातात दाबून महिनोन् महिने आंबवायचा, ही ती जुनी रीत. बिवा सरोवराकाठची फुनाझुशी आजही अशीच होते. पुढे भाताला शिर्क्याचा आंबटपणा मिळाला आणि प्रतीक्षा संपली. १८०४ साली हांदा येथे नाकानो माताझाएमोन यांनी साकेच्या चोथ्यापासून शिर्का करण्यास आरंभ केला. तो एदोच्या सुशीवाल्यांना मानवला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हातावर वळलेली निगिरी एदोत रूढ झाली. तिचे श्रेय परंपरेने हानाया योहेई यांना दिले जाते. आजच्याहून बराच मोठा तो घास कष्टकरी माणूस गाडीपाशी उभ्यानेच खाई.

मात्र त्याच शहरात महागडी सुशीही जन्मली. तेनपो सुधारणांच्या काळात, १८४१ ते १८४३ दरम्यान, चैनीच्या सुशीबद्दल विक्रेत्यांना शिक्षा झाल्या. म्हणजे गाडी आणि पेढी यांतील अंतर शिगांच्या पोऱ्याहून बरेच जुने आहे.

१९२३ च्या भूकंपानंतर तोक्यो सोडलेल्या कारागिरांनी निगिरी गावोगावी नेली. १९४७ साली अन्नटंचाईमुळे उपाहारगृहांवर निर्बंध आले, तेव्हा गिऱ्हाइकाने एक गो तांदूळ आणावा, मजुरी द्यावी आणि दहा घास न्यावेत, अशी तोड निघाली. वस्तीतले सुशीचे दुकान तगले ते अशा देवघेवीवर.

तरीही उंबरठ्यावरचा संकोच उरलाच. जुन्या वळणाच्या दुकानांत फलकावर किमतीऐवजी ‘जिका’, म्हणजे ‘बाजारभावाने’, एवढेच लिहिलेले असते. विचारावे तर ऐपत उघडी पडते. न विचारावे तर हिशेबाची धास्ती. १९५८ साली शिराइशी योशिआकी यांनी हिगाशी-ओसाका येथे फिरत्या पट्ट्यावरची सुशी सुरू केली. पुढे अशा दुकानांत ताटलीच्या रंगावरूनच किंमत कळू लागली. या युक्तीचे कौतुक बहुधा यंत्र म्हणून होते. आमच्या मते तिचे खरे मोल निराळे आहे: घास उचलण्याआधीच किंमत ठाऊक असल्याने तो परत ठेवण्याची नामुष्की टळते.

शिगांच्या कथेत एक सरदार पुढे त्या पोराला पोटभर सुशी खाऊ घालतो. पण उपकार करूनही त्याचे मन विचित्र उदासीने भरून येते. ती उदासी अकारण नाही. पोराला हवा होता तो स्वतःच्या पैशाने घेतलेला एक घास, आणि तो त्याला कोणताही दाता देऊ शकत नव्हता.