एकाच दिवशी दोन मते: महाराष्ट्र, १९९९

१/ सप्टेंबर १९९९. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या मतदारांनी मतदान केंद्रावरच्या एकाच फेरीत दोन मते दिली: एक लोकसभेसाठी, एक विधानसभेसाठी. महाराष्ट्रात त्यानंतर अशी निवडणूक झालेली नाही. ‘एक देश, एक निवडणूक’ या वादात मात्र ती क्वचितच आठवली जाते.

२/ मुळात ही पद्धत नवी नव्हे. १९५१-५२ आणि १९५७ मध्ये मुंबई राज्यात, १९६२ आणि १९६७ मध्ये महाराष्ट्रात दोन्ही निवडणुका एकत्रच झाल्या. घटनेची तशी सक्ती नव्हती. दोन्ही सभागृहांची पाच वर्षे एकदम सुरू झाली, म्हणून ती एकदम संपत.

३/ ही साखळी तुटली ती दिल्लीत. २७ डिसेंबर १९७० रोजी इंदिरा गांधींच्या सल्ल्यावरून लोकसभा मुदतीआधी विसर्जित झाली आणि मार्च १९७१ मध्ये मतदान झाले. महाराष्ट्राच्या विधानसभेने आपली पाच वर्षे पूर्ण केली. तिची निवडणूक मार्च १९७२ मध्ये झाली.

४/ दुसरा धक्काही दिल्लीचाच. जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी सत्तेवर परतल्या. फेब्रुवारीत शरद पवारांचे पुलोद सरकार बरखास्त झाले, राष्ट्रपती राजवट आली. १९७८ मध्ये निवडलेली विधानसभा मुदत संपण्यापूर्वीच गेली.

५/ १९९९ मध्ये राज्याने स्वतःहून पाऊल उचलले. १७ एप्रिलला वाजपेयी सरकार एका मताने कोसळले. विधानसभेची मुदत २००० च्या आरंभापर्यंत होती. तरीही नारायण राणे यांच्या युती सरकारने सुमारे सहा महिन्यांवर पाणी सोडले. लोकसभेची हवा विधानसभेतही लाभेल, हा त्यामागचा हिशेब.

६/ हिशेब अर्धाच जुळला. लोकसभेच्या ४८ पैकी २८ जागा युतीला मिळाल्या. ठाण्यातून शिवसेनेचे प्रकाश परांजपे निवडून आले. विधानसभेत २८८ पैकी युतीच्या जागा १२५. वेगवेगळे लढलेले काँग्रेस (७५) आणि राष्ट्रवादी (५८) निकालानंतर एकत्र आले. विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले.

७/ म्हणजे एकत्र मतदानाने राज्याचा आवाज बुडतोच, असे नाही. पण एका निवडणुकीवरून नियमही बांधता येत नाही. १९९९ मधून ठामपणे दिसते ते इतकेच: तारखा जुळवण्यासाठी मुदत कापली गेली ती विधानसभेची.

८/ डिसेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या १२९ व्या घटनादुरुस्ती विधेयकाचा गाभा हाच आहे. विधानसभांची मुदत लोकसभेशी बांधली जाईल. विधानसभा मध्येच विसर्जित झाली, तर नवी विधानसभा फक्त उरलेल्या काळापुरती. खर्च आणि आचारसंहितेतले खोळंबे वाचतील, हा समर्थकांचा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. प्रश्न एवढाच की घड्याळ कोणाचे, आणि ते कोणी कोणाशी जुळवायचे.

९/ २०२४ मध्ये ठाणे आणि कल्याणमध्ये लोकसभेचे मतदान २० मे रोजी, विधानसभेचे २० नोव्हेंबर रोजी झाले. दोन्ही वेळेवर. कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत मात्र नोव्हेंबर २०२० मध्येच संपली होती. मुदतीआधी निवडणूक घ्या, असे घटना सांगते. तरी पुढची पाच वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. रस्ता, पाणी, कचरा ज्या मतावर अवलंबून, तेच मत थांबून राहिले. निवडणुका एकत्र असाव्यात की वेगळ्या, हा वाद मोठा खरा. त्या वेळेवर व्हाव्यात, ही अट त्याहून जुनी.