महात्मा जोतीराव फुले यांची समाधी

थोर राष्ट्रपुरुषाची समाधी म्हटली की उंच घुमट, संगमरवर आणि विस्तीर्ण प्रांगण डोळ्यांपुढे उभे राहते. पुण्याच्या गंज पेठेतील, म्हणजे आजच्या महात्मा फुले पेठेतील, जोतीरावांच्या समाधीस यांपैकी काही नाही. राहत्या वाड्याच्या आवारातील एक तुळशी वृंदावन, एवढेच तिचे स्वरूप होय.

आपल्या देहाचे दहन न करता तो मिठात पुरावा, अशी इच्छा जोतीरावांनी मृत्युपत्रात नमूद केली होती. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते निवर्तले. परंतु वस्तीत दफन करण्यास नगरपालिकेची अनुमती मिळाली नाही. दत्तक पुत्र यशवंत यांच्या अधिकाराविषयी भाऊबंदांनी वाद उपस्थित केला. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेतले व त्या अंत्ययात्रेच्या अग्रभागी चालल्या. दहनानंतर अस्थी वाड्यात आणून तेथे समाधी करण्यात आली.

याच वाड्यातील पाण्याचा हौद जोतीरावांनी १८६८ साली अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुला केला होता. आचरणाची साक्ष देणारा हौद आणि समाधी एकाच अंगणात असणे, हेच या वास्तूचे खरे वैभव होय.

तेलंगणाच्या सीमेवरील आमच्या झरी जामणीहून पुणे दूर आहे खरे. तथापि जे समाजबंधू तेथे जातील, त्यांनी नुसते हात जोडून परतू नये. सोबतच्या लेकीसुनांना हौद दाखवावा, टिटव्याची हकीकत सांगावी. आणि आपल्या घरी असा प्रसंग आला असता टिटवे लेकीच्या हाती देण्यास आपण सिद्ध आहोत काय, याचा तेथेच विचार करावा.