एल्युसिसचे गुह्यव्रत आणि त्याचे आधुनिक पुनरुज्जीवन

खंडित झालेला धर्म पुन्हा उभा करता येतो काय, हा प्रश्न आपणा बौद्धांस नवा नाही. तथापि त्याचे उत्तर सर्व धर्मांच्या बाबतीत एकच असेल असे मानण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखात आम्ही ग्रीस देशातील एल्युसिस येथील गुह्यव्रताचा विचार करणार आहोत. हजार वर्षांहून अधिक काळ चाललेले हे व्रत इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस बंद पडले आणि विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील काही मंडळींनी ते पुन्हा आचरणात आणण्याचे प्रयत्न आरंभिले. त्या प्रयत्नांतून नेमके काय हाती लागले, हे तपासणे उद्बोधक आहे.

एल्युसिस हे अथेन्सच्या पश्चिमेस सुमारे 20 किलोमीटरवर समुद्रकाठी वसलेले गाव. तेथील देवता दोन : धान्याची माता डीमीटर आणि तिची कन्या पर्सेफोनी. पाताळाचा स्वामी कन्येस पळवून नेतो, शोकाकुल माता पेरलेले बीच उगवू देत नाही, अखेर तडजोड होऊन कन्या वर्षाचा काही काळ पाताळात व उरलेला मातेजवळ राहू लागते, अशी ती कथा. बी मातीत गडप होते व पुन्हा वर येते, हा तिचा शेतकरी अर्थ कोणाच्याही ध्यानी येईल. दीक्षितांस मात्र त्यापलीकडे मरणोत्तर सुस्थितीची आशा दाखविली जाई. दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास दीक्षार्थी समुद्रस्नान करीत, डुकराच्या पिलाचा बळी देत, उपवास करीत आणि अथेन्सहून पवित्र मार्गाने मिरवणुकीने एल्युसिसला जात. जवाचे पीठ व पुदिना घातलेले किकिऑन नावाचे पेय ते घेत आणि रात्री टेलेस्टेरियन या दीक्षागृहात प्रवेश करीत. पेरिक्लीसच्या काळी योजिलेले हे दालन सुमारे 50 मीटर लांब व तितकेच रुंद होते. त्याच्या भिंतींलगत दगडी पायऱ्या होत्या व छत पेलण्यास 42 खांब होते. आत काय दाखविले जाई आणि काय उच्चारले जाई, हे बाहेर कोणी सांगावयाचे नाही असा दंडक होता.

या व्रताच्या एका गुणाचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. दीक्षेच्या मुख्य अटी दोनच : ग्रीक भाषा समजावी आणि हातून मनुष्यवध झालेला नसावा. स्त्रियांस व गुलामांसही तेथे प्रवेश होता. 1930 साली नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दाराशी काय घडले हे जाणणाऱ्या आमच्या वाचकांस या गोष्टीचे मोल निराळे सांगावयास नको. मात्र दार खुले असले तरी किल्ली दोन घराण्यांच्या हाती होती. युमॉल्पिडाई आणि केरिकेस ही ती घराणी. मुख्य पुरोहित, ज्यास हायरोफँट म्हणजे पवित्र वस्तू दाखविणारा असे म्हणत, तो केवळ युमॉल्पिडाई कुळातूनच येई. जन्मसिद्ध पौरोहित्य हा केवळ भारताचाच रोग होता अशी समजूत असल्यास ती सोडून द्यावी.

गुप्ततेमागे राजदंड उभा होता. मेलॉसच्या डायगोरसने या विधींची थट्टा केली म्हणून अथेन्स नगरीने त्याच्या शिरावर बक्षीस लावले. इ.स.पू. 415 मध्ये अल्सिबायडीस या सेनापतीने खासगी घरात विधीची नक्कल केली असा आरोप झाला. त्यास गैरहजेरीत देहान्ताची शिक्षा सुनावण्यात आली, मालमत्ता जप्त झाली, आणि आरोपींच्या विकलेल्या मालाच्या याद्या दगडावर कोरण्यात आल्या. त्या याद्यांचे तुकडे आज उपलब्ध आहेत. कोणाचा कोणता जिन्नस विकला गेला हे आपण वाचू शकतो. ज्या विधीपायी तो विकला गेला, तो विधी मात्र वाचावयास मिळत नाही. जी थोडी माहिती आहे ती बहुतांशी विरोधकांनी दिलेली. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट दीक्षितांचे संकेतवाक्य सांगतो, हिपॉलिटस म्हणतो की अखेरीस मौन राखून धान्याचे कापलेले कणीस दाखविले जाई. दोघेही ख्रिस्ती आणि दोघांचाही हेतू खंडनाचा. आपल्याकडे लोकायतांचे मत ज्याप्रमाणे त्यांच्या शत्रूंच्या ग्रंथांतून वेचावे लागते, त्यातलाच हा प्रकार.

शेवट एका दिवसात आला नाही. 361 ते 363 या काळात राज्य करणाऱ्या ज्युलियन या रोमन सम्राटाने जुन्या धर्मास पुन्हा प्रतिष्ठा देण्याचा यत्न केला व एल्युसिसच्या हायरोफँटशी त्याने संबंध जोडला. त्याच्या मृत्यूनंतर 364 मध्ये रात्रीच्या विधींवर बंदी आली. प्रेटेक्स्टेटस या अधिकाऱ्याच्या रदबदलीमुळे ग्रीसपुरती ती शिथिल झाली. पुढे थिओडोसियसचे कडक कायदे आले आणि 396 च्या सुमारास अलारिकच्या गॉथ टोळ्यांनी प्रदेश लुटला. युनेपियस हा तत्कालीन लेखक सांगतो की, शेवटचा हायरोफँट युमॉल्पिडाई कुळातला नव्हता, तो थेस्पियाई गावचा व मिथ्र देवाच्या पंथातला होता. या उल्लेखात लेखकाचा कुलाभिमान स्पष्ट दिसतो. परंतु मंदिर पडण्यापूर्वीच परंपरेचा धागा विरला होता, हेही त्यावरून कळते.

आता पुनरुज्जीवनाकडे वळू. 1910 साली लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये अलेस्टर क्रोली याने 'एल्युसिसचे विधी' या नावाने सात प्रयोग सादर केले. ते सात ग्रहांच्या नावांचे होते. एल्युसिसशी त्यांचा संबंध नावापुरताच होता. 1978 मध्ये वॅसन, हॉफमन व रक या तिघांनी 'द रोड टू एल्युसिस' या ग्रंथात असे मत मांडले की, किकिऑनमध्ये धान्यावर वाढणाऱ्या अर्गट बुरशीचा अंश असावा व दीक्षितांचे दर्शन म्हणजे त्या द्रव्याचा परिणाम असावा. हॉफमन हा एल.एस.डी. तयार करणारा रसायनशास्त्रज्ञ, हे लक्षात घेतले म्हणजे या तर्काचा ओढा कोठून आला ते उमगते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात 1980 च्या दशकापासून एक नवपेगन पंथ वसंतऋतूत एल्युसिसच्या धर्तीवर उत्सव भरवू लागला. खुद्द ग्रीसमध्ये 1997 साली जुन्या देवधर्माच्या अनुयायांची परिषद स्थापन झाली आणि 2017 मध्ये शासनाने त्यांच्या धर्मास मान्यता दिली. या मंडळींचा उपहास करण्याची आमची इच्छा नाही. ज्या धर्मास कायद्याने गाडले, त्याच्या अनुयायांस कायद्याने पुन्हा मान्यता मिळावी, यात न्यायच आहे. परंतु टेलेस्टेरियनमधील त्या रात्रीच्या जागी यांपैकी प्रत्येकाने स्वतःच्या कल्पनेतले काही ठेवले आहे. दुसरा इलाजही नव्हता. ज्यांना ठाऊक होते ते सांगून गेले नाहीत.

येथे एका भारतीयाची आठवण अप्रस्तुत होणार नाही. इ.स.पू. 20 च्या सुमारास सम्राट ऑगस्टसकडे गेलेल्या भारतीय शिष्टमंडळातील एका पुरुषाने अथेन्समध्ये अग्निप्रवेश केला. डिओ कॅसियसच्या म्हणण्याप्रमाणे त्यापूर्वी त्याने एल्युसिसची दीक्षा घेतली होती. स्ट्रॅबो त्याच्या समाधीवरील लेख देतो. त्यात त्याचे नाव झार्मानोखेगस व गाव बार्गोसा असे आहे. गाव म्हणजे भरुकच्छ, आजचे भडोच, आणि नाव म्हणजे 'श्रमणाचार्य' अशी उकल अनेक विद्वानांनी केली आहे. तेवढ्यावरून त्यास बौद्ध भिक्खू ठरविण्याची घाई आम्ही करणार नाही, कारण श्रमण अनेक पंथांचे होते आणि आत्मदहन हा तथागतांनी घालून दिलेला मार्ग नव्हे.

उलट प्रवास मात्र निःसंदिग्ध आहे. कार्ले येथील चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची नावे कोरलेली आहेत, आणि नाशिकच्या लेण्यांत धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त हा उत्तरेकडील यवन आपण कोण, कोठले व काय दान दिले हे भिंतीवर लिहून ठेवतो. महापरिनिब्बान सुत्तात तथागत आनंदास सांगतात की, आपण आतले व बाहेरचे असा भेद न करता धम्म सांगितला असून आचार्याने मूठ झाकून ठेवावी असे काहीही राखलेले नाही. म्हणूनच भारतात विहारे ओस पडली तरी सिंहलद्वीपात व ब्रह्मदेशात ग्रंथ आणि संघ शिल्लक राहिले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ब्रह्मदेशच्या परंपरेतील महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण-पंचशील घेतले आणि लगोलग लाखोंच्या समुदायास बावीस प्रतिज्ञा मोठ्याने म्हणावयास लावल्या. बाबासाहेबांनी धम्माचा नवा अर्थ लावला हे खरे. पण ज्याचा अर्थ लावावयाचा तो मूळ पाठ सर्वांसमोर होता.

एल्युसिसमध्येही जे उघड्यावर होते ते पुष्कळ काळ टिकले. 1801 साली ई. डी. क्लार्क हा इंग्रज प्रवासी तेथे पोहोचला तेव्हा गावकरी खताच्या ढिगात गळ्यापर्यंत बुडालेल्या एका प्राचीन स्त्रीमूर्तीस दिवे लावीत आणि आपले पीक तिच्यामुळे येते असे मानीत. ती वास्तविक देवीची मूर्तीही नव्हती, प्रवेशद्वाराचा शिल्पस्तंभ होता. क्लार्कने तुर्की अधिकाऱ्यास एक दुर्बीण देऊन ती मिळविली. हलविण्याच्या आदल्या दिवशी एक बैल दावे तोडून मूर्तीस धडका देऊन पळाला, त्यामुळे गावकऱ्यांचा विरोध अधिकच वाढला. मूर्ती आज केंब्रिजच्या संग्रहालयात आहे. टेलेस्टेरियनच्या भग्नावशेषांवरील टेकडीवर मात्र मरियमचे एक लहानसे मंदिर आहे. पेरणीच्या मध्यावरची माता असे तिचे नाव, आणि 21 नोव्हेंबरच्या तिच्या सणाला गावातील लोक उकडलेले धान्य घेऊन वर जातात.